कोरडे कपडे

सलमाने कमीज नाकाशी नेला, हुंगला आणि पुन्हा दोरीवर टाकला.

"आजून ओला हाय?" पलंगावर बसलेल्या रऊफने विचारलं.

"ओला नाय. पण कुबट वास येतोय. असाच भरला तर तिकडे पोचेपर्यंत बुरशी धरेल."

"सांग सुनेला, म्हाडचं अत्तर हाय म्हणून."

सलमा हसली नाही. तिने टेबलफॅनचं तोंड दोरीकडे वळवलं आणि स्टुलावर बसून घेतलं. जुलै महिना होता. आठवडाभर उन्हाची तिरीप नव्हती. स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांच्याखालून वाकून जायची तिला इतकी सवय झाली होती, की पावसाळा संपल्यावरही काही दिवस ती उगाच वाकून चालायची.

पलंगावर बॅग उघडी पडली होती. बॅग रऊफची. एसी दुरुस्त करणाऱ्या कुवेतच्या एका कंपनीत तो स्टोअरकीपर होता. जवळजवळ तीस वर्षं ही बॅग, आणि हिच्याआधी हिच्यासारख्याच आणखी दोन, तिथे गेल्या नि आल्या. दर वेळी ती भरायची सलमानेच. त्यात अवघड काही नव्हतं. कुवेतला ऊन म्हणजे ऊन. सुती शर्ट, लुंग्या, कोकमं, सुकट, तांदळाच्या पिठाची पिशवी, झालं. आता पहिल्यांदाच ती स्वतःची बॅग भरत होती, आणि तीही अशा गावासाठी की जिथलं हवामान कुणाला सांगताच येत नव्हतं.

"अम्मी, इथे सकाळी ऊन, दुपारी पाऊस आणि संध्याकाळी स्वेटर लागतो," ग्लासगोहून मुसैबने फोनवर सांगितलं होतं. "एकच जाडजूड कपडा नको आणूस. पातळ पातळ आण. एकावर एक घालायचे, ऊन पडलं की काढायचे. सिंपल."

मुसैब त्यांचा एकुलता एक मुलगा. तिथे एका मोठ्या गोदामात कामाला होता. त्याची बायको अम्बरीन ऑगस्टमध्ये बाळंत होणार होती. अम्बरीनची आई हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली, म्हणून सलमाला बोलावणं आलं. "तुलाही जरा आराम होईल अम्मी," असंही मुसैब म्हणाला होता. बाळंतिणीच्या घरी आराम कसा असतो हे तिला माहीत होतं. पण नातवंडाचं तोंड बघायचं होतं. आणि खरं सांगायचं तर, या ओल्या घरातून एकदा तरी आपण बाहेर पडावं, असंही तिला वाटत होतं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

रऊफला बोलावणं नव्हतं. घर दोन खोल्यांचं, त्यात बाळंतपण. "अब्बांना ईदनंतर आणू," असं मुसैब म्हणाला तेव्हा फोन स्पीकरवर होता. "मला कुठं यायचंय रे थंडीत," रऊफ लगेच म्हणाला होता. मग तो मासळी आणायला म्हणून बाजारात गेला आणि बऱ्याच वेळाने रिकाम्या पिशवीने परत आला.

"जुनैदचा पुन्ना फोन आलेला," सलमा म्हणाली. जुनैद तिचा धाकटा भाऊ, पोलादपूरला राहायचा. "वरची खोली रिकामी करून ठेवलीय म्हणतो. पावसाचे दिवस तिकडे काढा. गणपती झाले की या परत."

"मेव्हण्याच्या दारात जाऊन बसू? लोक काय म्हणतील? बायको गेली विलायतेला नि नवरा गेला सासुरवाडीला."

"म्हणूदेत. पाणी काय लोकांना विचारून येतं?"

"पाणी, पाणी. एकच बोलणं तुझं. दरसाल येतं काय? नि आलं तर मी काय पोर हाय?"

सलमाने त्याच्याकडे पाहिलं. साठी उलटलेला माणूस, साखरेने पोखरलेला, पण नदी घरात शिरताना त्याने कधी पाहिली नव्हती. एसीच्या कंपनीला उन्हाळ्यातच काम, त्यामुळे त्याला रजा मिळायची ती थंडीत. तो आला की महाडात स्वच्छ निळं आकाश असायचं, घराला नवा रंग दिलेला असायचा आणि भिंतीवरच्या ओलीच्या रेघा रंगाखाली गेलेल्या असायच्या. मोठा पूर आला त्या वर्षी तो तिकडेच होता. पूर ओसरून वर्ष झाल्यावर कायमचा परतला. तेव्हापासूनच्या पावसाळ्यांत पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन माघारी गेलं होतं. त्याला वाटायचं, पूर म्हणजे एवढंच.

ती उठली आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली ओढली. जुन्या चादरींखालून तिने एक कोट काढला. तपकिरी, लोकरीचा, गुडघ्याच्या खाली येईल असा. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला.

"हा कुणाचा?"

"पुरातला."

"म्हणजे?"

"पूर गेल्यावर ट्रक आलेले ना कपड्यांचे. कुठून कुठून लोकांनी पाठवलेले. शाळेच्या पटांगणात ढीग घातलेला. आमच्याकडं अंगावरच्याशिवाय काय नव्हतं. मी पोचले तवर चांगलं सगळं गेलेलं. हा राह्यलेला. म्हाडात लोकरीचा कोट कोण घेणार? मी घेतला. अम्माच्या पायावर घालायला झाला."

अम्मा म्हणजे रऊफची आई. त्याच थंडीत ती गेली. करोनामुळे विमानं बंद-चालू होती, कंपनीने रजा दिली नाही. रऊफने तिला माती देतानाचा व्हिडिओ पाहिला होता.

त्याने हात पुढे करून कोटाच्या बाहीला बोट लावलं. "चांगला हाय," एवढंच म्हणाला.

*

जायला दोन दिवस उरले असताना सकाळीच नगरपालिकेचा पुराचा भोंगा वाजला.

सलमा भाकरी थापत होती. तिने तवा उतरवला, गॅस बंद केला आणि कामाला लागली. गाद्या गुंडाळून माळ्यावर. तांदळाचा डबा ओट्यावर, ओट्यावरचं फळीवर. कपाटातले खालचे खण रिकामे. रऊफ खोलीच्या मधोमध उभा राहून ती जाईल तिकडे मान वळवत होता.

"काय उचलू?"

"औषधं घ्या तुमची. नि पासपोर्टाची पिशवी. ती अनुपमाकडं नेऊन ठेवा."

अनुपमा समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. शाळेत शिक्षिका. गल्लीतल्या खालच्या घरांचं किडूकमिडूक दर पावसाळ्यात तिच्या हॉलमध्ये येऊन पडायचं आणि ती कधी कुरकुर करायची नाही.

रऊफने पिशवी नेली, परत आला. पाणी आता पायरीला लागलं होतं. तपकिरी, वेगाने न येणारं, नुसतं फुगत जाणारं. सलमा कपाटाखाली विटा सरकवत होती. तिला वर बघायला सवड नव्हती. म्हणून रऊफने पलंगावरची तिची भरलेली बॅग कधी उचलली, हे तिला कळलंच नाही.

कळलं ते अनुपमाच्या ओरडण्याने. "भाभी! अहो भाभी, रऊफभाई पडले!"

ती दारात आली. गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी होतं. गटाराची फरशी कुठे संपते हे तिथे जन्म काढलेल्यालाच ठाऊक. रऊफ पाण्यात बसला होता, छातीपर्यंत, आणि बॅग त्याने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. बॅग अर्धी पाण्याखाली होती. तो उठायचा प्रयत्नच करत नव्हता.

सलमा पाण्यात उतरली. "सोडा ती."

"तुझे कपडे हायत यात."

"सोडा म्हणते ना मी!"

त्याने सोडली नाही. शेवटी तिने एका हाताने त्याची बगल धरली, दुसऱ्याने बॅगेचा पट्टा, आणि दोघांना ओढतच समोरच्या जिन्यापाशी नेलं. रऊफच्या पायाचा घोटा मुरगळला होता.

अनुपमाने टॉवेल दिले, कोरडी लुंगी दिली, चहा टाकायला आत गेली. हॉलमध्ये लोकांच्या गाद्या, शिलाई मशीन, कुणाचा तरी टीव्ही. सलमाने बॅगेची चेन उघडली. घड्या जशाच्या तशा होत्या, फक्त सगळ्यांचा रंग एक झाला होता. पंख्याखाली, तव्याच्या धगीवर, अंगाखाली घेऊन झोपून, जमेल तसे वाळवलेले कपडे. कोटातून तर पाण्याची धार लागली. तिने चेन पुन्हा लावली. रडू येईल असं तिला वाटलं, पण तेवढी ताकदही अंगात नव्हती.

रऊफ खिडकीतून खाली बघत होता. पाणी त्यांच्या उंबऱ्याशी हेलकावत होतं.

"तेव्हा कुठवर होतं गो?" त्याने विचारलं.

"आत्ता तुमी बसलाय ना, त्या खिडकीच्या खाली हात घातला तर लागेल, इतकं."

त्याने खिडकीबाहेर हात खाली सोडून पाहिला. मग म्हणाला, "अम्माला कशी आणलीस वर?"

इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं. फोनवर नुसतं 'अम्मा बरी हाय, आमी वरती हाव' एवढंच.

"खुर्चीला बांधून," सलमा म्हणाली. "पुढून अनुपमाचे मिस्टर, मागून मी. पाणी छातीला लागलेलं. अम्माला दिसत तर नव्हतं काय. घाबरली. तुमच्या नावानं हाका मारायला लागली. रऊफ कुठं हाय, रऊफ कुठं हाय. खुर्ची हलायला लागली. मग मी म्हटलं, अम्मा, गप बसा, मागून रऊफनंच धरलंय."

रऊफने मान वळवली नाही.

"मग?"

"मग गप बसली. वर येईस्तवर बोलली नाय काय. नंतरपण कधी विचारलं नाय तिनं. तिला वाटलं असेल तुमी होतात. नायतर कळलंपण असेल. काय माहीत."

अनुपमा चहाचे कप घेऊन आली. दोघांनी कप घेतले. रऊफने आपला खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिला.

*

दुपारनंतर पाऊस उघडला आणि पाणी आलं तसंच निघून गेलं. घरात फक्त घोट्याइतकं शिरलं होतं. "नशीब," गल्लीतले लोक एकमेकांना म्हणत होते. चिखल काढण्यात संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सलमाने बॅगेतले कपडे नळाच्या पाण्यात खळबळून काढले. दोन पाणी, तीन पाणी, तरी गढूळ निघतच होतं. पिळून झाल्यावर ते बादलीत ठेवून ती पायरीवर बसली. उद्या सकाळी निघायचं होतं. आकाश खाली आलं होतं.

"सहा कपडे नवे घेऊ," ती स्वतःशीच म्हणाली. "नायतर जातंच नाय. सांगू त्याला."

रऊफ आतून लंगडत आला. त्याने बादली उचलली, कोट खांद्यावर टाकला आणि कुठे जातोय हे न सांगता चालू लागला.

तो गेला हैबतीकडे. बाजाराच्या चढावर हैबतीचं इस्त्रीचं दुकान. वीज गेली तरी चालते म्हणून तो अजून कोळशाचीच इस्त्री वापरायचा.

"रऊफभाई, ही इस्त्री हाय," बादलीत डोकावून हैबती म्हणाला. "भट्टी नाय. हे ओलेकच्च हायत."

"उद्या जायचंय तिला."

"कुठं?"

"मुसैबकडं. तिकडं पण पाऊसच हाय म्हणतात."

"आयला, हितनं सुटून परत पावसातच?" हैबतीने डोकं खाजवलं. "बसा. कोळसा लय लागेल. नि वेळपण. तुमी पंखा मारा, मी फिरवतो."

दुपारी सलमा चिखलाचं शेवटचं घमेलं रिकामं करून त्याला शोधत चढावर गेली. दुकानासमोर तिला थांबावंसं वाटलं. आत धुरात, वाफेत तिचा नवरा पाटावर बसला होता. पुढ्यात शेगडी, हातात पुठ्ठा. तो वारा घालत होता, मग उठून इस्त्री झालेला कमीज दोन्ही हातांनी शेगडीवर पसरून धरत होता, उलटा करत होता, पुन्हा हैबतीकडे देत होता. घाम डोळ्यांत जात होता तो खांद्याने पुसत होता. तीस वर्षं तो तिकडे कसा राबत असेल, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. फोटोत तो नेहमी इस्त्रीचा शर्ट घालून, कुठल्या तरी चकचकीत दुकानापुढे उभा असायचा.

तिने हाक मारली नाही. घरी जाऊन भात टाकला.

तो दिवेलागणीला आला. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला गठ्ठा डोक्यावर, अंगाला धुराचा वास. कोटसुद्धा वाळला होता. थोडा आटला होता आणि एका बाजूला पिवळसर डाग पडला होता, पण वाळला होता.

दोघं पलंगावर समोरासमोर बसली, मधे बॅग. तो एकेक कपडा द्यायचा, ती ठेवायची. पातळ कमीज खाली, त्यावर सुती, त्यावर मुसैबने सांगितलेले लोकरीचे आतले कपडे. सगळे अजून कोमट होते.

"कधी येशील?" रऊफने विचारलं.

"बघू. मुसैब काय म्हणतो त्यावर."

बोलून झाल्यावर तिचा हात थांबला. हे वाक्य तिने घडवलं नव्हतं. ते तिला पाठ होतं. बघू, कंपनी काय म्हणते त्यावर. याच पलंगावर, अशीच बॅग मधे ठेवून. आधी ती हे वाक्य ऐकून रडायची, मग रागवायची, पुढे पुढे तिने विचारणंच सोडून दिलं होतं.

"हेच बोलायचो ना मी?" रऊफ म्हणाला.

"व्हय."

त्याने एक ओढणी गुडघ्यावर घेतली, चारी टोकं जुळवली. नीट जुळली नाहीत. पुन्हा उलगडली.

"मला तिकडं गेल्यावर दोन-तीन दिवस जेवण जायचं नाय," तो म्हणाला. "तुला सांगितलं नव्हतं कधी. मग काम सुरू झालं की जायचं. तू पोचलीस की आधी थोडंसं खाऊन घे. उपाशी नको राहूस."

सलमाने मान हलवली. गठ्ठ्याच्या तळाशी आणखी काही होतं. तिने कागद बाजूला केला. रऊफचेच दोन शर्ट, एक पायजमा, कडक इस्त्रीचे.

"हे कशाला दिलेत? जागा नाय बॅगेत."

"ते नको भरूस. ते पोलादपूरला." तो तिच्याकडे न बघता प्लास्टिकच्या कागदाची घडी करत होता. "मेव्हण्याच्या घरी काय चुरगळलेले घालून जाऊ?"

उठून तिने खुंटीवरची बाजाराची पिशवी घेतली, झटकली आणि त्याचे शर्ट तिच्यात घातले. मग थोडा विचार करून एक कोरडा टॉवेल आणि त्याची गरम टोपीही घातली. पोलादपूरला संध्याकाळी डोंगरावरून गार वारा उतरतो.

*

सकाळी भुरभुर होती. घराला कुलूप लावून किल्ली अनुपमाकडे दिली. अनुपमाने सलमाला मिठी मारली, "भाभी, तिकडे जरा आराम करा हं," म्हणाली आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन स्वतःच हसली.

मुंबईची गाडी हायवेच्या नाक्यावर येणार होती. नातेगावचं एक कुटुंब कतारला निघालं होतं, त्यांच्याच गाडीत सलमाला एक जागा मिळाली होती. रऊफला नव्हती. तो म्हणाला, बरंच झालं, एअरपोर्टवर दारातूनच तर परत फिरवतात.

गाडी आली. ड्रायव्हरने बॅग वर कॅरिअरवर चढवली, ताडपत्री घातली. रऊफने दोरीची गाठ स्वतः ओढून बघितली. सलमा मागच्या सीटवर खिडकीशी बसली. अंगात तीन कपडे, वर बुरखा, मांडीवर कोट. आताच उकडत होतं.

"गोळ्या वेळेवर घ्या."

"घेतो."

"जुनैदच्या बायकोला सांगा, भात कमी वाढ म्हणावं."

"सांगतो. तू पासपोर्ट बघ."

"हाय."

त्याने दार लावलं. "खुदा हाफिज" म्हणाला. गाडी सुटली.

थोडी पुढे गेली असेल, तोच मागून काचेवर थापा पडल्या. ड्रायव्हरने ब्रेक मारला. रऊफ लंगडत धावत आला होता, धापा टाकत होता. त्याने दार उघडलं. सलमाच्या बुरख्याचं टोक दारात अडकून बाहेर राहिलं होतं आणि रस्त्याच्या चिखलातून ओढत आलं होतं. तो वाकला. ते टोक दोन्ही मुठींत धरून त्याने पिळलं, तपकिरी पाणी रस्त्यावर गळालं. पुन्हा पिळलं. मग झटकलं, दुमडलं आणि तिच्या गुडघ्यावर ठेवलं. दार त्याने आदळलं नाही. तळहाताने दाबत दाबत, कट्ट आवाज येईपर्यंत लावलं.

"चला," तो ड्रायव्हरला म्हणाला.

सलमाने मागच्या काचेतून पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे पोलादपूरची एसटी येऊन थांबली होती, माणसं चढत होती. पिशवी छातीशी धरून रऊफ दुभाजकाशी उभा होता आणि ट्रकांची रांग संपायची वाट बघत होता.